न्यू कॅसल कोर्टहाउस म्युझियम, डेलावेअर: एका घुमटीपासून मोजलेलं राज्य

डेलावेअर राज्याचा नकाशा समोर घेतला की वरचं टोक चटकन नजरेत भरतं. बाकीच्या हद्दी सरळ किंवा नदीच्या वळणाने गेलेल्या, पण पेनसिल्व्हेनियाला लागून असलेली उत्तरेची हद्द गोल आहे. ती न्यू कॅसल गावापासून बारा मैल त्रिज्येची मानली जाते, आणि १७५० साली त्या वर्तुळाचा मध्यबिंदू म्हणून गावातल्या कोर्टाच्या इमारतीवरची घुमटी मुक्रर झाली. ती विटांची इमारत अजून उभी आहे. २११, डेलावेअर स्ट्रीट हा तिचा पत्ता. आज तिथे राज्य सरकारचं संग्रहालय आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

आधी निकाल सांगून टाकतो. अमेरिकेच्या वसाहतकाळात थोडा जरी रस असेल, तर फिलाडेल्फिया परिसरात याच्याइतका मोबदला देणारं दुसरं छोटं ठिकाण नाही. फक्त इथे ‘बघण्यासारखं’ कमी आणि समजून घेण्यासारखं फार आहे. विषय माहीत नसताना आत शिरलेला माणूस वीस मिनिटांत दोन खोल्या पाहून बाहेर येतो आणि ‘जुनं कोर्ट होतं, छान होतं’ म्हणतो. विषय माहीत असलेल्याला तासभरही पुरत नाही. म्हणून इथे इमारतीपेक्षा तिच्यामागच्या भानगडीबद्दल जास्त लिहिलं आहे.

पोहोचताना पहिली चूक होते ती नावाची. न्यू कॅसल हे गाव आहे आणि न्यू कॅसल ही काउंटीही आहे. काउंटीचं मुख्य ठाणं १८८१ साली या गावातून विल्मिंग्टनला हललं, त्यामुळे आजचं काउंटीचं चालू न्यायालय विल्मिंग्टनमध्ये किंग स्ट्रीटवर आहे. फोनवर नुसतं ‘न्यू कॅसल काउंटी कोर्टहाउस’ टाकलं तर वकिलांच्या आणि साक्षीदारांच्या गर्दीत जाऊन पडण्याची पुरेपूर शक्यता असते. ‘न्यू कॅसल कोर्टहाउस म्युझियम’ असं पूर्ण नाव टाकावं, राज्य डेलावेअरच आहे ना तेही पाहावं, कारण पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम टोकालाही एक न्यू कॅसल आहे. गावाला स्वतःचं रेल्वे स्थानक नाही. अ‍ॅमट्रॅक किंवा सेप्टाच्या गाडीने विल्मिंग्टनला उतरायचं आणि पुढचे सहाएक मैल डार्टच्या (राज्याची बससेवा) बसने किंवा टॅक्सीने जायचं. न्यू जर्सीकडून गाडीने येणाऱ्यांना डेलावेअर मेमोरियल ब्रिज ओलांडला की गाव जवळच. टोल मात्र डेलावेअरमध्ये शिरतानाच घेतात, परत जाताना नाही.

दुसरी चूक वाराची. आठवड्याचे सगळे दिवस इमारत उघडी नसते, आणि सोमवारी तर जाऊच नये. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. त्या पाहायच्या त्या राज्याच्या ऐतिहासिक व सांस्कृतिक विभागाच्या पानावर. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण ही इमारत ‘फर्स्ट स्टेट’ या राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचाही भाग आहे, आणि लोक नॅशनल पार्क सर्व्हिसच्या पानावरच्या वेळा बघून येतात. उद्यान केंद्राचं, कोर्टाची इमारत राज्याची, अशी वाटणी आहे. २०१३ साली राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने आधी ते राष्ट्रीय स्मारक झालं आणि २०१४ अखेरीस अमेरिकी काँग्रेसने त्याला उद्यानाचा दर्जा दिला. त्याआधी पन्नास राज्यांत राष्ट्रीय उद्यान सेवेचं एकही ठिकाण नसलेलं डेलावेअर हे एकटंच राज्य उरलं होतं.

गाडी रस्त्याच्या कडेलाच लावायची असते. एरवी जागा मिळते. पण मे महिन्यात ‘अ डे इन ओल्ड न्यू कॅसल’ असतो, त्या दिवशी खासगी जुनी घरंही पाहायला उघडतात, आणि जूनमध्ये ‘सेपरेशन डे’चा, म्हणजे ब्रिटन आणि पेनसिल्व्हेनियापासून वेगळं झाल्याचा, उत्सव. या दोन्ही दिवशी गाव फुलून जातं. उत्सव बघायचा असेल तर जरूर जा. कोर्ट नीट बघायचं असेल तर त्या तारखा टाळा. रस्त्यांवर ठिकठिकाणी गोटे बसवलेले आहेत, त्यामुळे टाचांच्या चपला नकोत, आणि बाबागाडी ढकलणाऱ्यांनी फरसबंदीच्या कडेने चालावं.

इमारतीपुढे उभं राहिलं की बाल्कनीवरचे झेंडे दिसतात: नेदरलँड्स, स्वीडन, ब्रिटन आणि अमेरिका. हा शोभेचा प्रकार नाही. सतराव्या शतकात डेलावेअर नदीच्या या काठावर जितक्या वेळा झेंडा बदलला, तितक्या वेळा गावाचं नावही बदललं, आणि हा क्रम डोक्यात ठेवून आत गेलं तर मार्गदर्शकाचं बोलणं दुप्पट कळतं.

हा सगळा मुलूख मुळात लेनापे या मूळनिवासी लोकांचा. १६३८ साली पीटर मिन्विटच्या नेतृत्वाखाली स्वीडिश लोकांनी आजच्या विल्मिंग्टनपाशी फोर्ट क्रिस्टिना बांधला. डचांना ते खुपलं. १६५१ साली पीटर स्टायव्हेसंटने त्या किल्ल्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे समुद्राच्या बाजूला, फोर्ट कॅसिमिर उभारला. जागा हेरून निवडलेली होती. नदीतून वर जाणारं प्रत्येक स्वीडिश जहाज आता डच तोफांच्या टप्प्यातून जाणार होतं. १६५४ मध्ये नवा स्वीडिश अधिकारी योहान रिसिंग आला आणि त्याने हा किल्ला जवळपास न लढताच घेतला. दिवस ट्रिनिटी संडेचा होता, म्हणून किल्ल्याचं नाव ट्रिनिटी पडलं. पुढच्याच वर्षी स्टायव्हेसंट सात जहाजं घेऊन परतला आणि किल्ला तर घेतलाच, पण अख्खी स्वीडिश वसाहतच संपवली. मग आम्सटरडॅम शहराने ही वस्ती चालवायला घेतली आणि तिचं नाव न्यू आम्स्टेल ठेवलं. १६६४ साली इंग्रज आले आणि न्यू कॅसल हे नाव झालं. १६७३–७४ मध्ये डचांनी काही महिने पुन्हा ताबा मिळवला, तेवढाच अपवाद.

आता वर्तुळाची गोष्ट. इंग्रजी ताबा आला तो राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याच्या नावाने. १६८१ साली विल्यम पेनला पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली, तेव्हा ड्यूकच्या माणसांना धास्ती वाटली की हा पेन आपल्या न्यू कॅसलला खेटून बसेल. म्हणून सनदेत अट घातली गेली की पेनची हद्द न्यू कॅसलपासून बारा मैल दूर राहील. म्हणजे वर्तुळ काढलं ते पेनला बाहेर ठेवायला. पण पेनला समुद्रापर्यंत वाट हवी होती, आणि फिलाडेल्फियाला येणारं प्रत्येक जहाज न्यू कॅसलवरून जाणार होतं. त्याने ड्यूकच्या मागे लागून १६८२च्या ऑगस्टमध्ये न्यू कॅसल आणि भोवतालचं बारा मैलांचं वर्तुळ, शिवाय दक्षिणेकडचा किनारासुद्धा, लिहून घेतला. ज्या रेषेने त्याला अडवायचं होतं, ती त्याच्याच दोन जहागिरींमधली सीमा होऊन बसली. नकाशावरच्या त्या गोल टोकाचं कारण एवढंच आहे. संग्रहालयात हे सांगतात, पण भरभर सांगतात, म्हणून इथे सविस्तर दिलं.

पेन ऑक्टोबर १६८२ मध्ये न्यू कॅसलला उतरला तेव्हा ताबा देण्याचा जुना इंग्रजी विधी झाला. ड्यूकच्या वतीने जॉन मॉल आणि एफ्राइम हर्मन यांनी त्याला किल्ल्याची किल्ली दिली, आणि गवतासकट मातीची एक ढेप, तिच्यावर खोचलेली डहाळी, आणि एका वाडग्यात नदीचं पाणी व माती. जमीन, झाडझाडोरा आणि पाणी, तिन्हींवरचा हक्क असा हातात ठेवला गेला. कागदावर सही होण्यापेक्षा हे जास्त पक्कं मानलं जाई. गावात पेनचा पुतळा आहे, तिथे थांबून हा प्रसंग मुलांना सांगितला तर त्यांना कोर्टाच्या आतल्या कुठल्याही फलकापेक्षा जास्त लक्षात राहील.

पेनचं मोठं दुखणं दक्षिणेकडे होतं. मेरीलँडच्या बाल्टिमोर घराण्याची सनद १६३२ची, पेनच्या आधीची, आणि तिच्यात डेलावेअर आणि चेसापीक या दोन उपसागरांमधला सगळा द्वीपकल्प धरलेला होता. पेनच्या बाजूने मुद्दा निघाला तो असा: ती सनद फक्त वस्ती न झालेल्या जमिनीसाठी होती, आणि डचांनी तर १६३१ सालीच आजच्या लुइसजवळ झ्वानेंडाल ही वसाहत वसवली होती. ती वसाहत वर्षभरातच स्थानिक लोकांशी झालेल्या संघर्षात नष्ट झाली. पण नष्ट झालेल्या त्या वस्तीने पुढे एक राज्य वाचवलं. १६८५ साली लंडनने द्वीपकल्प उभा दुभागून पूर्वेचा अर्धा भाग बाल्टिमोरच्या हक्काबाहेर काढला.

तरीही मोजणी व्हायची होतीच. १७०१ साली आयझॅक टेलर आणि थॉमस पिअर्सन या दोन मोजणीदारांनी उत्तरेचा कंस पहिल्यांदा आखला. त्या वेळच्या मोजणीची साखळी ६६ फुटांची, म्हणजे मैलाला ८० साखळ्या आणि बारा मैलांना ९६०. जंगल, ओढे, चढउतार यांतून इतक्या वेळा साखळी टाकायची, आणि प्रत्येक वेळी ती ताणलेली आणि सपाट हवी. जरा झोळ पडला की चूक साठत जाते. त्यांनी मोजायला सुरुवात केली ती गावाच्या टोकाच्या बांधापासून, कारण आजची इमारत तेव्हा नव्हती. हद्दीच्या खुणा म्हणून झाडांना खाचा पाडल्या. झाडं पडली, खुणा गेल्या.

१७३२ साली, म्हणजे ही इमारत उभी राहिली त्याच वर्षी, पेनच्या वारसांनी आणि पाचव्या लॉर्ड बाल्टिमोरने लंडनमध्ये करारावर सह्या केल्या. मग बाल्टिमोरच्या लक्षात आलं की कराराला जोडलेल्या नकाशात, जिथून दक्षिणेची हद्द धरायची ते हेन्लोपेन भूशिर खऱ्या जागेपेक्षा वीसएक मैल दक्षिणेला दाखवलं आहे आणि तेवढी जमीन हातची गेली. तेव्हापासून त्याच्या माणसांनी करार मोडीत काढायला जे जे मुद्दे काढले, ते कुठल्याही बांधाच्या भांडणात शोभतील. बारा मैल म्हणजे त्रिज्या कशावरून? परीघ का नाही? परीघ बारा मैल धरला तर त्रिज्या दोन मैलांहूनही कमी भरते, आणि डेलावेअरचं उत्तर टोक जवळजवळ नाहीसं होतं. शेवटी १७५० साली लंडनच्या चॅन्सरी कोर्टात लॉर्ड हार्डविकने निकाल दिला की बारा मैल ही त्रिज्याच. वर्तुळाचा मध्य या कोर्टाच्या घुमटीवर धरायचं ठरलं. लगेच पुढचा वाद: अंतर जमिनीच्या चढउतारासकट मोजायचं की सपाटीने? मेरीलँडला चढउतारासकट हवं होतं, कारण टेकड्यांवरून गेलेली साखळी लवकर संपते आणि वर्तुळ लहान होतं. तोही मुद्दा त्यांच्या विरोधात गेला.

१७६० साली पक्का करार झाला, आणि १७६३ साली इंग्लंडहून चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन आले. त्यांचं नाव लोकांना ठाऊक असतं ते पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड यांच्यातल्या पूर्व-पश्चिम रेषेमुळे. पण त्यांचं सगळ्यात अवघड काम इथलं होतं. द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडच्या मध्यबिंदूपासून ऐंशीहून जास्त मैल उत्तरेला जाणारी अशी रेषा काढायची, जी न्यू कॅसलच्या वर्तुळाला स्पर्श करेल, पण कापणार नाही. स्थानिक मोजणीदारांनी आधी प्रयत्न केला होता, आणि तो जमला नव्हता. मेसन-डिक्सननी ताऱ्यांच्या वेधांनी दिशा तपासत ती स्पर्शरेषा जमवली. दर मैलाला चुनखडीचा दगड पुरला, एका बाजूला ‘एम’, दुसऱ्या बाजूला ‘पी’. दर पाचव्या मैलाला दोन्ही घराण्यांची कुलचिन्हं कोरलेला मोठा दगड. हे दगड इंग्लंडहून जहाजाने आणवले होते, आणि त्यांतले कित्येक अजून जागेवर आहेत.

इमारतीच्या आत हा सगळा इतिहास एका भिंतीवर मावत नाही, आणि तो तिथे मावावा अशी अपेक्षाही नाही. पण एक अपेक्षा ठेवायला हरकत नाही: मार्गदर्शकाला वर्तुळाबद्दल थेट विचारावं. इथे फेरी ठरावीक पाठ म्हटल्यासारखी होत नाही, माणसं थोडी असतात, आणि विचारलं की सांगणारे खुलतात. फिलाडेल्फियाचा इंडिपेन्डन्स हॉल याच वर्षी, १७३२ साली, बांधायला घेतला होता. तिथे वेळ लावून तिकीट, तपासणी, रांग, आणि मग ठरलेल्या मिनिटांत खोली रिकामी करणं. इथे न्यायालयाच्या खोलीत उभं राहून शांतपणे तीन प्रश्न विचारता येतात. या संग्रहालयाची हीच सर्वांत मोठी जमेची बाजू.

तळमजल्यावर कोर्ट आहे. उंचावर न्यायासन, समोर वकिलांची जागा, साक्षीदाराची जागा आणि आरोपीचा पिंजरा. कुठली वस्तू मूळची, कुठली नंतर नमुन्यावरून बनवून बसवलेली, हे आवर्जून विचारा. वसाहतकाळातल्या खोल्या बहुतेक ठिकाणी अशाच पुन्हा उभ्या केलेल्या असतात, त्यात गैर काही नाही, पण कशाकडे बघतो आहोत ते माहीत असावं. इमारतही एका दमात बांधलेली नाही. आधीच्या कोर्टाच्या जागेवर मधला भाग १७३२चा, आणि बाजूचे भाग नंतर जोडलेले. बाहेरून विटांची जडण आणि सांधे बघत एक फेरी मारली तर हा फरक डोळ्यांना कळतो. आत जाण्याआधी ती फेरी मारून घ्यावी.

वरच्या मजल्यावर विधानसभा भरत असे. पेनच्या या तीन दक्षिणी काउंटी, न्यू कॅसल, केंट आणि ससेक्स, पेनसिल्व्हेनियाच्या सभेत संख्येने दबून जात होत्या. १७०४ पासून त्यांची वेगळी सभा न्यू कॅसलमध्ये भरू लागली. गव्हर्नर एकच, सभा दोन. या अर्धवट वेगळेपणाचा शेवट १५ जून १७७६ रोजी झाला. सीझर रॉडनी सभापती असताना सभेने ब्रिटिश राजाच्या नावाने कारभार चालवणं थांबवण्याचा ठराव केला. राजाशी नातं तुटलं आणि त्याच ठरावाने पेनच्या घराण्याशीही. म्हणजे फिलाडेल्फियातल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या सुमारे तीन आठवडे आधी डेलावेअर दोन धन्यांपासून एकदम सुटलं. पुढे ऑगस्ट अखेरीस गावात घटना परिषद बसली, जॉर्ज रीड अध्यक्ष होते, आणि २० सप्टेंबरला राज्याची पहिली घटना तयार झाली. ‘डेलावेअर राज्य’ हे नाव त्या घटनेतलं. रीड यांनी जुलैमध्ये स्वातंत्र्याच्या ठरावाविरुद्ध मत दिलं होतं आणि नंतर जाहीरनाम्यावर सही केली, ही गोष्टही इथे उभं राहून ऐकायला वेगळी वाटते.

राजधानीचा मान मात्र टिकला नाही. १७७७ मध्ये ब्रिटिशांनी विल्मिंग्टन घेतलं, राज्याचे अध्यक्ष जॉन मॅकिन्ली कैद झाले, नदीत शत्रूची जहाजं, आणि न्यू कॅसल तर ऐन काठावर. सभा डोव्हरकडे वळली आणि पुढे राजधानी तिथेच स्थिरावली. जी जागा १६५१ साली तोफांसाठी सोयीची होती, तीच सव्वाशे वर्षांनी धोक्याची ठरली.

या इमारतीत कुठल्या एकाच गोष्टीसाठी जायचं म्हटलं, तर ती १८४८च्या खटल्याची. वसाहतकाळ संपून सत्तर वर्षं झाली होती, पण वसाहतकाळाने मागे ठेवलेली गुलामगिरी इथे जिवंत होती. डिसेंबर १८४५ मध्ये मेरीलँडमधून एमेलिन हॉकिन्स सहा मुलांसह निघाली. तिचा नवरा सॅम्युअल स्वतंत्र होता, ती आणि मुलं नव्हती. सॅम्युअल बरिस या स्वतंत्र कृष्णवर्णीय वाटाड्याच्या मदतीने हे कुटुंब मिडलटाउनजवळ जॉन हन यांच्या शेतावर पोहोचलं. तिथे पकडलं गेलं आणि न्यू कॅसलच्या तुरुंगात आणलं गेलं. विल्मिंग्टनचे लोखंडाचे व्यापारी थॉमस गॅरेट तिथे आले. त्यांनी अटकेच्या कागदात दोष असल्याचा मुद्दा काढून हेबियस कॉर्पसची, म्हणजे अटक कायदेशीर आहे का हे न्यायाधीशाने तपासावं अशी, मागणी केली. राज्याचे मुख्य न्यायाधीश जेम्स बूथ यांनी कागद पाहिले आणि कुटुंबाला सोडलं. गॅरेटनी लगेच घोडागाडी भाड्याने घेतली आणि ती सगळी पेनसिल्व्हेनियात पोहोचली. त्या वर्तुळापलीकडे.

मालकांनी गॅरेट आणि हन यांच्यावर १७९३च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याखाली दावे लावले. मे १८४८ मध्ये ते या इमारतीत संघराज्याच्या न्यायालयापुढे चालले. न्यायासनावर होते रॉजर टेनी, अमेरिकेचे सरन्यायाधीश, ज्यांनी नऊ वर्षांनी ड्रेड स्कॉट खटल्याचा, कृष्णवर्णीयांना अमेरिकेचं नागरिकत्व नाकारणारा, निकाल लिहिला. दोघांवरही निकाल गेला, दोघांनाही जबर दंड झाला. गॅरेट थांबले नाहीत. त्यांच्याच नोंदीप्रमाणे त्यांनी आयुष्यात सुमारे २,७०० माणसांना गुलामीतून निसटायला मदत केली. बरिसना डोव्हरमध्ये दुसऱ्या प्रकरणात शिक्षा होऊन गुलाम म्हणून विकायला काढलं गेलं आणि गुलामगिरीविरोधकांनीच लिलावात बोली लावून त्यांना सोडवलं. राज्याच्या गव्हर्नरांनी त्यांना अधिकृत माफी दिली ती २०१५ साली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवून बघावं. ज्या खोलीच्या वर राजापासून सुटल्याचा ठराव झाला, त्याच खोलीत माणसांना मालकीचा माल ठरवणारा कायदा चालवला गेला. डेलावेअरमध्ये गुलामगिरी १८६५ पर्यंत कायदेशीर होती, आणि राज्याने गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती मान्य केली ती १९०१ मध्ये. फटक्यांची शिक्षाही या राज्याच्या कायद्यात १९७२ पर्यंत होती. शेवटचे फटके १९५२ साली मारले गेले. आरोपीच्या पिंजऱ्यापाशी उभं राहून मुलं ‘तुरुंगात काय करायचे?’ असं विचारतात, त्यांना हे उत्तर द्यायचं टाळू नये. लेनापे लोकांबद्दल मात्र या इमारतीकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. कोर्ट सांगतं ते ज्यांनी कागद लिहिले त्यांचं.

वेळेचा हिशेब: कोर्टाला एक तास धरा, बाहेरून इमारत बघणं धरून. मग लगतची ग्रीन (गावाचं हिरवळीचं सार्वजनिक मैदान), १७०३चं इमॅन्युएल चर्च (१९८० साली जळालं, जुन्या भिंतींत पुन्हा उभं केलं), शेजारी काउंटीच्या शेरीफचं घर, आणि द स्ट्रँडवरून नदीकाठच्या बॅटरी पार्कपर्यंत चालणं. त्याला आणखी दीड तास. डच हाउस आणि १७३८चं आम्स्टेल हाउस यांना तिकीट आहे, ते गावच्या इतिहास संस्थेचं. जॉर्ज रीड यांच्या मुलाचं बावीस खोल्यांचं रीड हाउस राज्याच्या इतिहास संस्थेकडे आहे, त्याचं तिकीट वेगळं. तिन्ही एका दिवसात करू नयेत. वसाहतकाळ बघायला आला असाल तर आम्स्टेल हाउस घ्या. रीड हाउस १८०४ साली पूर्ण झालेलं, सुंदर, पण ते पुढच्या काळाचं.

गाव इतकं शाबूत का राहिलं, याचं उत्तर रेल्वेत आहे. १८३२ पासून न्यू कॅसल ते फ्रेंचटाउन अशी रेल्वे दोन खाड्यांमधला जमिनीचा पट्टा ओलांडत होती, तेव्हा इथे वर्दळ होती. १८३८ साली फिलाडेल्फिया-बाल्टिमोर मार्ग विल्मिंग्टनवरून गेला आणि धंदा तिकडे सरकला. मग कोर्टही गेलं. जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसाच आला नाही, म्हणून ती उरली. एक भाग मात्र १८२४च्या आगीने नेला, स्ट्रँडवरची कितीतरी घरं, त्यात जॉर्ज रीड यांचंही.

बॅटरी पार्कला पोहोचल्यावर पलीकडचा न्यू जर्सीचा किनारा दिसतो. मधलं पाणी कोणाचं? साधारणपणे दोन राज्यांची हद्द नदीच्या मध्यातून जाते. इथे नाही. ड्यूकने पेनला दिलेल्या वर्तुळात नदीही होती, म्हणून १९३४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की बारा मैलांच्या आत डेलावेअरची हद्द पलीकडच्या किनाऱ्याच्या ओहोटीच्या रेषेपर्यंत आहे. पुढे न्यू जर्सीच्या बाजूला द्रवरूप नैसर्गिक वायूचं टर्मिनल व्हायचं होतं, त्याचा धक्का नदीत आत जाणार होता. डेलावेअरने परवानगी नाकारली आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने डेलावेअरचा तो अधिकार मान्य केला. न्यू जर्सीच्या काठाला भराव टाकून तयार झालेल्या जमिनीचे काही तुकडेही याच कारणाने डेलावेअरचे आहेत, जिथे डेलावेअरमधून चालत जायला वाट नाही.

वर्तुळ स्वतः मात्र शुद्ध वर्तुळ नाही. १८९२–९३ साली किनारा व भूमापन खात्याच्या हॉजकिन्सनी कंस पुन्हा मोजला, तेव्हा १७०१चा कंस घुमटीपासून काढलेल्या वर्तुळाशी जुळत नव्हता. कारण वर आलं आहे: वेगळा आरंभबिंदू, साखळी आणि झाडांच्या खुणा. पिढ्यान्‌पिढ्या लोक जी हद्द मानत आले तीच कायम ठेवली आणि तिच्यावर दगड बसवले. म्हणून फोनवरच्या नकाशात घुमटीवर परकार ठेवून बारा मैलांचं वर्तुळ काढलं तर ते राज्याच्या हद्दीवर नीट बसत नाही. मेरीलँडच्या कोपऱ्यात तर कंस, मेसन-डिक्सनची उत्तर रेषा आणि पेनसिल्व्हेनियाची दक्षिण हद्द यांच्यामध्ये ‘द वेज’ नावाची पाचर उरली, सुमारे ६८४ एकरांची. तिच्यावरचा डेलावेअरचा हक्क पक्का व्हायला १९२१ उजाडलं. गाडी असेल तर डेलावेअरमधल्याच न्यूअर्क गावाच्या उत्तरेला तासाभराचा वळसा घालून हा कोपरा बघता येतो. तिथे शिलाखुणा आहेत. रान वाढलेलं असतं, गोचिडी असतात, लांब बाह्या आणि लांब पँट घालूनच जावं, आणि पायवाटेवरून खासगी शेतात शिरू नये.